३१ मार्चची ६१२ युनिटं: जास्तीच्या विजेचं काय करायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग. बोलताना मी चारदा अडखळलो होतो, ते इथे गाळलंय.

आजची गोष्ट आमच्या घरातल्या एका भांडणापासून सुरू होते.

आमचं नेरुळला सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे. छोटंसंच, पण डोक्यावरचं छप्पर आपलं स्वतःचं, आणि नवी मुंबईत हे किती मोठं भाग्य आहे ते टॉवरमध्ये राहणाऱ्यांना विचारा. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये बाबांनी त्या छपरावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं. केंद्र सरकारची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचं अनुदान होतं. बाबा निवृत्त, मी आयटीत, हिशोब जुळला, पॅनेल लागली.

नोव्हेंबर ते मार्च आम्ही राजे होतो. बिल जवळपास शून्य. थंडीत एसी नाही, पंखासुद्धा एकवर. छपरावर मात्र रोज दहा-बारा युनिटं तयार होत होती. वापरून उरलेली वीज बाहेर ग्रिडमध्ये जायची आणि बिलावर जमा दिसायची. बाबा ती जमा पासबुकासारखी वाचायचे. "चारशे झाली." "पाचशे झाली." ३१ मार्चला आकडा होता ६१२.

एप्रिलचं बिल आलं आणि जमा शून्य!

बाबांना वाटलं काहीतरी घोटाळा आहे. घोटाळा नव्हता, नियम होता. शिल्लक युनिटं महिन्यामागून महिना पुढे जातात, पण आर्थिक वर्षापुरतीच. ३१ मार्चला खातं बंद होतं. उरलेली युनिटं वीज कंपनी तिच्या ठरलेल्या दराने विकत घेते आणि तो दर आपण वीज घेताना देतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे थंडीभर साठवलेली पुंजी नेमकी एसी सुरू व्हायच्या आदल्या रात्री मोडीत निघाली.

मग जेवणाच्या ताटावर चर्चा. पुढच्या वर्षी जास्तीच्या विजेचं काय करायचं? बाबा म्हणाले, "हॉलमध्ये दुसरा एसी लावू. फुकट द्यायची त्यापेक्षा आपण वापरू." मी म्हटलं, "बॅटरी घेऊ, आपली वीज आपल्याकडे." आई वाढता वाढता म्हणाली, "मला आधी सांगा, जास्तीची म्हणजे नक्की कधीची?"

त्या वेळी आम्ही दोघांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी वाचायला लागलो आणि लक्षात आलं की महाराष्ट्राच्या विजेचा शंभर वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतोय. जास्तीची वीज कधीची, आणि ती वापरायला कोणी आपली वेळ बदलायची?

आधी त्या ३१ मार्चचं बघू. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये का सुरू होतं? ब्रिटिशांमुळे. १८६७ च्या आधी सरकारचं वर्ष १ मे ते ३० एप्रिल असं होतं. मग इंग्लंडच्या वर्षाशी मेळ बसावा म्हणून ते १ एप्रिलवर आणलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या या निर्णयाशी आमच्या एसीचा काय संबंध? जुनी तारीख राहिली असती, तर अख्खा एप्रिल आमचा एसी थंडीच्या युनिटांवर चालला असता. असो.

आता जरा मागे जाऊ, आणि नेरुळपासून फार लांब नाही. खोपोलीला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा यायचा लांबून, महाग पडायचा आणि गिरणगावावर धुराची छत्री. जमशेटजी टाटांच्या मनात सह्याद्रीच्या पावसावर वीज करायची कल्पना होती. ते १९०४ मध्ये गेले. त्यांच्या मागे १९१० मध्ये टाटा हायड्रोइलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली आणि ८ फेब्रुवारी १९१५ ला खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली.

योजना साधी आणि जबरदस्त होती. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणं बांधायची. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाणी अडवायचं. मग ते पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडायचं आणि त्या माऱ्यावर चाकं फिरवायची. तुम्ही एक्स्प्रेसवेने पुण्याला जाताना घाटात कान दडे बसतात ना, तोच उतार. वीज करून झालेलं पाणी पाताळगंगेत जातं. आपल्या बाजूच्या रसायनीच्या कारखान्यांची तहान कित्येक वर्षं याच पाण्यावर भागतेय.

आता इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात भारी वाटली ती ही गोष्ट. गिरण्या रात्री बंद व्हायच्या. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीत पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला होता. मग रात्रीच्या विजेचं काय? काहीच नाही! झडप बंद करायची. पाणी तलावातच राहतं आणि उद्या वापरता येतं. खोपोलीच्या तलावांत एक रात्र काय, अख्खा पावसाळा साठत होता. टाटांना १९१५ मध्येच अशी बॅटरी मिळाली होती, जिला ३१ मार्च ही तारीख माहीत नव्हती.

तरीही एक अडचण होतीच. एवढं भांडवल टाकून उभं केलेलं यंत्र रिकामं बसलं तर तोटा. शिकागोमध्ये सॅम्युअल इन्सलने हेच गणित ओळखलं होतं. फक्त संध्याकाळच्या दिव्यांसाठी वीज विकली तर दिवसभर यंत्र बसून राहतं, म्हणून दिवसा ट्राम आणि कारखाने शोधा. वेगवेगळ्या वेळी वीज लागणारे ग्राहक एकत्र आणले की प्रत्येकाला ती स्वस्त पडते. मुंबईतही तेच होत गेलं. दिवसा गिरण्या, संध्याकाळी दिवे, आणि सकाळ-संध्याकाळ गाड्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावर धावली आणि रेल्वेही टाटांच्या विजेची ग्राहक झाली. आज सकाळी तुम्ही ज्या लाइनला चेंगरत आलात ना, तीच ती.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण आईचा प्रश्न पुन्हा घेऊ. या सगळ्यात वेळ कोणाची बदलली?

एक म्हणजे गिरणी कामगाराची. विजेचे दिवे आले तेव्हा पहिल्यांदा काय झालं? सूर्य मावळला की काम थांबायचं, ते थांबेना. दिव्याखाली तास वाढले. कामगारांची चिडचिड झाली, आंदोलनं झाली, आणि कायद्याने तास बांधायची वेळ आली ती याच पार्श्वभूमीवर.

आणि दुसरी, मुळशीतल्या माणसाची. त्याची नुसती वेळ नाही, गावच गेलं.

खोपोलीच्या यशानंतर टाटांनी मुळशीला धरण घ्यायचं ठरवलं. पाणी मुळशीला अडवायचं आणि कोकणात भिऱ्याला सोडायचं. त्या पाण्याखाली मावळातली डझनावारी गावं आणि भाताची खाचरं जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. तुरुंगवास झाले, तीन वर्षं लढा चालला, आणि शेवटी धरण झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. धरणाविरुद्धच्या जगातल्या सगळ्यात जुन्या संघटित लढ्यांमध्ये मुळशीचं नाव घेतात.

म्हणजे मघाशी मी ज्याला भारी बॅटरी म्हणालो, तिचा तळ कोणाचं तरी शेत होता. हे मला सांगायलाच हवं, कारण 'स्टोरेज' हा शब्द आम्ही ऑफिसात फार हलकेपणाने वापरतो.

आता पुढचा टप्पा, कोळसा परत येतो.

स्वातंत्र्यानंतर विजेची मागणी एवढी वाढली की पाणी पुरेना. कोयना आली, साठच्या दशकात. पण त्यासोबत औष्णिक केंद्रंही आली. तुर्भ्याला, म्हणजे आपल्या वाशीच्या खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेला, १९५६ मध्ये. मग नाशिकजवळ एकलहरे, नागपूरजवळ कोराडी, ऐंशीच्या दशकात चंद्रपूर. आणि इथे खेळ बदलला.

पाण्याचं यंत्र नळासारखं असतं, फिरवलं की सुरू, फिरवलं की बंद. कोळशाचं यंत्र चुलीसारखं. ती मोठी चूल पेटवून तापायला कित्येक तास जातात, त्यामुळे रात्री विझवून सकाळी पेटवणं परवडत नाही. ती रात्रभर धगधगत ठेवावी लागते. शहर झोपलेलं, ऑफिसं बंद, आणि वीज तयार होतेच आहे. महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर 'जास्तीची वीज' तयार झाली, आणि ती होती मध्यरात्रीची.

तिचं काय केलं? तीन गोष्टी केल्या.

पहिली, पाणी उलटं चढवलं. भिऱ्याला नव्वदच्या दशकात १५० मेगावॉटचं एक यंत्र बसवलं, जे दोन्हीकडून चालतं. मागणी असेल तेव्हा वरचं पाणी खाली घेऊन वीज करतं. जास्तीची वीज असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने परत मुळशीच्या तलावात चढवतं. पुढे २००८ मध्ये भंडारदऱ्याजवळ घाटघरला २५० मेगावॉटचा असाच प्रकल्प झाला. वर एक धरण, सह्याद्रीच्या कड्याखाली दुसरं. यात साधारण चार युनिटं घातली की तीन परत मिळतात. एक जातंच. पण रात्री कोणालाच नको असलेली चार युनिटं देऊन संध्याकाळी सगळ्यांना हवी असलेली तीन मिळत असतील, तर सौदा वाईट नाही.

तुमच्यापैकी जे कोलाडला राफ्टिंगला गेलेत, त्यांना आठवत असेल की पहाटे उठवून सकाळीच बोटीत बसवतात. कुंडलिकेत तो प्रवाह येतो वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्याचा. आपला वीकेंडसुद्धा कुठल्यातरी टर्बाइनच्या वेळापत्रकावर चाललाय, आपल्याला फक्त माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, रात्रीची वीज स्वस्त केली. कारखान्यांना वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातल्या वापरावर सवलत मिळायची. मशीन रात्री चालवा, पैसे वाचवा. म्हणजे रात्रपाळी.

आणि तिसरी गोष्ट, ती वीज शेतीकडे वळवली.

इथे मी जरा थांबतो. कारण हे मी वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे.

माझ्या मामाचं गाव सातारा जिल्ह्यात. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिकडे असायचो. २००६-०७ च्या आसपासची गोष्ट, लोडशेडिंग जोरात होतं. शेतीपंपांची वीज चक्राकार पद्धतीने मिळायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा असला की मामा जेवून अंगणात आडवा व्हायचा, उशाला बॅटरी आणि काठी. दीड-दोनला कधीतरी लाइट यायची. तो उठून विहिरीवर जायचा, मोटार चालू करायचा आणि अंधारात उसाला पाणी द्यायचा. साप तर नेहमीचेच. पुढे पुढे बिबट्याचीही भीती आली. मामी तो परत येईपर्यंत जागीच असायची. मी एकदा विचारलं होतं, "मामा, रात्रीच का?" तो म्हणाला, "अरे, सगळ्यांचं झालं की मग आपली पाळी."

किती साधं उत्तर, आणि किती बरोबर. आज मी आलेख काढून दाखवू शकतो की रात्री दोनला मागणी तळाला असते आणि तिथे शेतीपंप टाकले की रेघ सपाट होते. आलेख सुंदर दिसतो. त्या रेघेखाली एक माणूस काठी घेऊन चाललेला असतो, तो आलेखात दिसत नाही.

याच काळात पुण्यात वेगळा प्रयोग झाला, तोही सांगण्यासारखा आहे. २००६ मध्ये तिथल्या कारखान्यांनी आपली डिझेल जनरेटर गर्दीच्या वेळी चालवायची आणि ग्रिडमधली आपल्या वाट्याची वीज शहरासाठी मोकळी करायची, असं ठरलं. डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी थोडा जास्त आकार देऊन भरला. शहराचं भारनियमन गेलं. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी वेळ विकत घेतली. मामाकडे ते नव्हते, म्हणून त्याने झोप दिली.

एक धडा दाभोळचाही आहे, थोडक्यात सांगतो. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा. करार असा होता की वीज घ्या किंवा नका घेऊ, यंत्र तयार ठेवल्याचे पैसे वीज मंडळाने द्यायचेच. आणि वीज होती महाग. मंडळाने कमी वीज घेतली की तो ठरलेला आकार कमी युनिटांवर वाटला जायचा आणि प्रत्येक युनिट आणखी महाग व्हायचं. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनचं दिवाळं निघालं. राज्यात आधी न परवडणारी वीज आणि मग काही वर्षांतच भारनियमन. जास्तीची वीज असणं म्हणजे श्रीमंती नव्हे. चुकीच्या भावाने आणि चुकीच्या वेळी आली तर ती नुसतं बिल असते.

बरं, आता छपरावर येऊ.

घरातली वीज उलटी ग्रिडला द्यायची, ही कल्पना आली कुठून? तेलाच्या संकटानंतर अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा झाला की छोट्या उत्पादकांची वीज मोठ्या कंपन्यांनी घ्यायलाच हवी. मग १९८३ मध्ये मिनेसोटा राज्याने नेट मीटरिंगचा कायदा केला. त्या काळचे मीटर चकतीचे असायचे. वीज आत आली की चकती पुढे, बाहेर गेली की तीच चकती मागे. हिशोब आपोआप! पुढे जगभर जे धोरण झालं, त्याच्या मुळाशी ही एवढी साधी चकती होती.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने छतावरच्या सौर विजेच्या नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आणले आणि २०१९ मध्ये ते सुधारले. २०१५ च्या नियमांतच ते वाक्य आहे ज्यात आमची ६१२ युनिटं बुडाली. वर्षअखेरीला उरलेली युनिटं कंपनीने ठरलेल्या दराने घ्यायची. आणि खरं सांगू? राग ओसरल्यावर मला त्या नियमाची बाजूही कळली. आम्ही दुपारी एक वाजता देतो ते युनिट आणि रात्री नऊला घेतो ते युनिट, मीटर दोघांना सारखं मोजतो. पण रात्री नऊला सगळी मुंबई एसी लावून बसलेली असते. तेव्हाचं युनिट कोणीतरी कोळसा जाळून किंवा कोयनेचं पाणी सोडून देत असतं. तारा, ट्रान्सफॉर्मर, रात्री धावणारा लाइनमन, हे सगळं आम्हाला शून्य बिलात मिळत होतं. वर्षभर आम्ही ग्रिड फुकटच्या गोदामासारखं वापरलं आणि ३१ मार्चला गोदामवाल्याने भाडं कापलं, असंही म्हणता येईल. बाबांना हे अजून पटलेलं नाही. तुम्हालाही पटलंच पाहिजे असं नाही.

पण एक मोठा बदल बघा. शंभर वर्षं ज्या घडीला वीज जास्तीची असायची ती घडी होती रात्रीची. आता ती दुपारची झालीय. सूर्याला ना नळ ना चूल. तो बाराला जोरात असतो आणि सातला गायब. म्हणून दर उलटे फिरायला लागलेत. जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातल्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांपासून सवलत आहे. सवलत रात्रीकडून दिवसाकडे सरकली.

आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये सुरू झाली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधलं कोळंबी ही सुरुवातीची गावं. गावाजवळ सोलर उभारायचं आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. दिवसाच्या जास्तीच्या विजेला दिवसाचं काम. अजून सगळीकडे पोचलेली नाही. मामाच्या गावात आता बऱ्याचदा दिवसा वीज असते. मामा साठीचा झालाय. परवा फोनवर म्हणाला, "आता रात्री मोटारीला जायचं नसलं तरी दोनला जाग येतेच." मी काय बोलणार होतो यावर?

तर आमच्या घरी काय ठरलं?

बॅटरीचा माझा हट्ट मी सोडला. नेट मीटर असताना ग्रिडच आपलं गोदाम असतं, वर आणखी एक महागडं गोदाम कशाला? जिथे वीज वारंवार जाते तिथे बॅटरीला अर्थ आहे, आमच्याकडे तेवढी जात नाही. दुसऱ्या एसीचा बाबांचा बेत आईने बाद केला. वीज उरते थंडीत आणि एसी लागतो उन्हाळ्यात, मग थंडीत एसी लावून स्वेटर घालून बसायचं का, असं तिने विचारलं.

आईचा प्रश्न होता ना, जास्तीची म्हणजे कधीची? उत्तर निघालं नोव्हेंबर ते मार्च. मग त्या पाच महिन्यांत चुलीचं काम विजेवर. दुसऱ्या हिवाळ्यात वरण-भात, दूध, चहा सगळं इंडक्शनवर गेलं. गॅस फक्त भाकरीला आणि फोडणीला, कारण भाकरी इंडक्शनवर फुगत नाही असं तिचं ठाम मत आहे आणि त्यावर चर्चा होत नाही. सिलिंडर पूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट दिवस चालला. वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप दुपारी. बिलाच्या हिशोबात त्याने सध्या फरक पडत नाही, पण त्या वेळी ती वीज लांब जावी लागत नाही.

आणि एक गोष्ट ठरवून केली नाही, होऊन गेली. समोरच्या काकूंचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, इलेक्ट्रिक स्कूटरवर. ते तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात, चार्जिंगवरून घरमालकाची कुरकुर. एका दुपारी आईने त्याला बॅटरी जिन्यावरून ओढत नेताना पाहिलं. "इथे लाव रे, दुपारचं ऊन वाया चाललंय," म्हणाली. आता तो जेवायच्या वेळी येतो, आमच्या ओट्यावर बॅटरी लावतो आणि तासभर पंख्याखाली झोपतो. दोन-अडीच युनिटं जातात. पैसे द्यायला आला तर बाबा रागावले. आठवड्यातून एकदा तो काकूंनी दिलेल्या नारळाच्या वड्या आणतो आणि विषय मिटतो.

यंदा ३१ मार्चला आमच्या खात्यावर ४७ युनिटं उरली होती. बाबांनी तरी हळहळ केलीच. मी त्यांना सांगितलं की ती ४७ युनिटं कुठे हवेत गेली नाहीत. आपल्या छपरावरून निघालेली वीज पहिल्यांदा जवळच्याच घरात शिरते. आपल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या कोणाच्यातरी मिक्सरने, कोणाच्यातरी ऑनलाइन क्लासने ती दुपारी केव्हाच वापरली. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्यांनी वड्या नाही पाठवल्या."

तर मंडळी, तुमच्या घरावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर सोलर असेल तर किती युनिटं उरतात याआधी कधी उरतात ते बघा. मग त्या घडीला तुमच्या आसपास कोणाला वीज लागते तेही बघा. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोलरचा विषय निघाला की लिफ्ट आणि पंपांच्या बिलाचा हिशोब मांडाच, पण दुपारी ड्यूटीवर असलेल्या वॉचमनकाकांची सायकल इलेक्ट्रिक आहे का, तेही विचारा.

मुळशीच्या सत्याग्रहावर एक पूर्ण भाग करायचा विचार आहे. तुमच्यापैकी कोणाची आजी-पणजी त्या गावांतली असेल, घरात काही ऐकलं असेल, तर मला जरूर सांगा. तोपर्यंत, उन्हात टोपी घाला आणि मशीन दुपारी लावा. भेटू पुढच्या भागात!